‘निसर्ग हिशेब चुकता करतोच’ – कोणाचा हिशेब, आणि वसूल कोणाकडून?

गाळरेषा:
परवा हिरवी पायवाट यांनी पुराच्या फोटोंसोबत एक पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा असा: निसर्ग कोणाचं उधार ठेवत नाही, हिशेब चुकता करतोच, जे पेरलं तेच वाहून आलं, आता तरी शहाणे व्हा. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मी दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेय आणि लांबलचक लिहिणार आहे.

आमच्या घरात दोन रात्री छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहते ती ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. खिडकीच्या चौकटीवरून, कॅलेंडरवरून, बाबांच्या फोटोवरून एकाच उंचीने जाते. आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला तर बॉबिनींच्या आत पिठासारखा मऊ गाळ बसला होता. मी तो टाचणीने काढत होते आणि आई शेजारी बसून म्हणाली, “आपल्या हातून काय चुकलं असेल गं?”

तीन वर्षं झाली, ती अजून तेच विचारते. आधी तिने देवाधर्माचं काही करायचं राहिलं का ते आठवून पाहिलं. मग सासूला तिच्या शेवटच्या आजारपणात बोललेलं एक वाक्य आठवलं. आणि आता असल्या पोस्टी वाचून म्हणते, आपण अंगणात फरशी घातली, माती बुजवली, म्हणून असेल. आमचं अंगण बारा बाय दहा फुटांचं आहे हो!

आमच्या वरच्या अंगाच्या गल्लीत पायरीसुद्धा भिजली नाही. त्यांनी काय वेगळं पेरलं होतं? १७५५ साली १ नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा चर्च माणसांनी भरलेली होती. छतं कोसळली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, मग समुद्र आत आला. आणि वेश्यावस्तीचा भाग त्यामानाने वाचला, असं सांगतात. तरी मालाग्रिडा नावाच्या पाद्र्याने पुस्तिका काढलीच की हा भूकंप म्हणजे शहराच्या पापांची शिक्षा आहे. प्रार्थनेला गेलेले मेले, आणि हा म्हणतो पापी मेले.

संकटात माणूस अर्थ शोधतो, हे मला समजतं. पण तो अर्थ नेहमी दुसऱ्याच्या पडलेल्या घरातच का सापडतो, एवढंच मला विचारायचंय.

हिरवी पायवाट:
ताई, तुमच्या घराबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण माझी पोस्ट तुमच्यावर नव्हती. ‘आपण’ म्हणजे आपण सगळे. नदीच्या पूररेषेत भराव टाकले, ओढे पाइपात कोंबले, डोंगर उभे चिरले. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, प्रत्येक अंश सेल्सिअसमागे साधारण ७ टक्के जास्त, आणि मग पाऊस कोसळतो तो तसाच. हे सगळं मी मनाने लिहीत नाही, हे भौतिकशास्त्र आहे. वीस वर्षं मी हेच ओरडून सांगतोय. सभांना पंधरा माणसं येतात, त्यातली पाच ओळखीची. पाणी घरात शिरल्यावरच लोक ऐकतात. तेव्हाही बोलायचं नाही का? ‘हिशेब’ हा शब्द लोकांना कळतो. ‘बाष्पधारणक्षमता’ लिहिलं असतं तर कोणी वाचलं असतं?

तर्कटी:
दोघांचंही ऐकून घेतलं. मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचं तर ते सोपं आहे: अर्थ नसतोच. मेंदू तो बनवतो, कारण त्याला दुसरं काही येत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवर प्रयोग केला. कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे पडायचे. तर एक कबुतर गोल फिरायला लागलं, एक मान झोकायला लागलं. दाणे पडले त्या क्षणी जे चाललं होतं त्यालाच ती चिकटून बसली.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मन उडते बॉम्ब पडत होते. लोक म्हणत, शत्रू नेम धरून अमुकच वस्त्या झोडतोय. १९४६ साली क्लार्क नावाच्या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि ५३७ बॉम्ब कुठे पडले ते मोजलं. २२९ चौकोनांत एकही पडला नव्हता. निव्वळ योगायोगाने किती चौकोन रिकामे राहायला हवेत, तर २२७. म्हणजे नेम नव्हता, डाव नव्हता, काहीच नव्हतं. आणि ज्यांच्या गल्लीत चार पडले त्यांना ते कधी पटणार नव्हतं.

तुमच्या गल्लीत पाणी आलं कारण ती खाली आहे. पाणी उताराकडे वाहतं. एवढंच. हे स्वीकारलं की आईंचा प्रश्नही संपतो.

सायंतारा:
तर्कटी, तुम्ही कधी कोणाच्या सांत्वनाला गेलात तर दारातूनच परत या.

माझा धाकटा भाऊ दरड कोसळून गेला. त्या रात्री तो त्या घरात असायलाच नको होता. सहकाऱ्याच्या मुलीला ताप होता म्हणून याने आपली सुट्टी त्याला दिली आणि त्याच्या जागी मुक्कामाला गेला. दरड का कोसळली हे मला भूवैज्ञानिकांनी व्यवस्थित सांगितलं. सलग पाऊस, मुरलेलं पाणी, कुजलेला खडक आणि त्यावरची सुटी माती. सगळं कळलं. तो तिथे का होता, हे कोणाच्या अहवालात नाही. आफ्रिकेतल्या अझांडे लोकांबद्दल मी वाचलं होतं. धान्याची कणगी कोसळून खाली बसलेली माणसं मेली, तर खांब वाळवीने खाल्ला होता हे त्यांनाही ठाऊक असतं. ते विचारतात ते पुढचं: नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकी त्याच घटकेला का? त्यांना अडाणी म्हणणारे आपण, पण हा प्रश्न मी रोज रात्री विचारते.

माझ्यापुरतं उत्तर मी ठरवलंय. तो दुसऱ्याच्या लेकरासाठी गेला. देवाने त्याला चांगलं काम करताना नेलं. हे खोटं असेल तर असू दे. त्याच्यावर मी सकाळी उठते.

तर्कटी:
सायंतारा, भावाबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण तुमचं उत्तर जरा पुढे नेऊन पाहा. ज्या सहकाऱ्याची मुलगी आजारी होती, तो काय विचार करत असेल? ‘देवाने माझ्या बदली त्याला नेलं’? तुमचं सांत्वन त्या माणसाच्या मानेवर जन्मभराचं जोखड झालं असेल.

सायंतारा:
तो दरवर्षी आमच्या घरी येतो. त्याच्या मानेवर काय आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. यापुढे माझ्या भावावर लिहू नका.

जुना खडू:
मंडळी, आवाज खाली आणा. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. हा वाद आपल्याकडे फार मोठ्या माणसांमध्ये झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळात प्रचंड भूकंप झाला, दहा हजारांवर माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. ते म्हणाले, हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. टागोरांना ते सहन झालं नाही. त्यांनी कळवलं की भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात. आणि असला युक्तिवाद तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांनाच जास्त शोभतो, उद्या ते तुमच्यामुळेच देव कोपला म्हणाले तर? गांधीजींनी ते निवेदन आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. हेतू केवढा मोठा होता बघा, तरी ते वाक्य चुकलंच होतं. पायवाट, तुम्ही हे शांतपणे वाचा. चांगल्या कामासाठी वापरलेला शाप हाही शापच असतो.

दुसरी. परवाच्या बातम्यांत पुन्हा ‘इतके रिश्टर स्केलचा भूकंप’ असं ऐकलं. रिश्टर स्केल हे एकक नाही! रिश्टरने १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ती मोजपट्टी बनवली. आज मोठ्या भूकंपांसाठी वेगळी मोजणी वापरतात. ‘तीव्रता’ आणि ‘महत्ता’ यांतही गोंधळ. महत्ता म्हणजे मूळ भूकंप केवढा, ती एका भूकंपाची एकच असते; तीव्रता म्हणजे कुठे किती हादरलं, ती गावागणिक बदलते. महत्तेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. हे सातवीच्या मुलाला कळतं, वृत्तनिवेदकांना कळत नाही.

हिरवी पायवाट:
खडूसर, इथे लोक गेलेल्या माणसांबद्दल बोलतायत आणि तुम्ही एककं तपासताय.

जुना खडू:
तपासणारच. ३२ पट कळलं असतं तर सहाच्या भूकंपातून वाचलेलं घर सातच्याला टिकेल असं कोणी समजलं नसतं. आकड्यांच्या अज्ञानानेही माणसं मरतात.

ओळंबा:
मी बांधकामातला माणूस आहे. गेले दोन दिवस वाचतोय आणि इथे देव, निसर्ग, कबुतर सगळे आले, भिंत कोणी आणली नाही.

२०१० साली १२ जानेवारीला हैतीत ७.० महत्तेचा भूकंप झाला. लाखाहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ चा झाला, म्हणजे खडूसरांच्या हिशेबाने सुमारे पाचशे पट ऊर्जा. मेले सव्वापाचशेच्या आसपास. हैतीचे लोक जास्त पापी होते का? चिलीत बांधकामाचे नियम होते आणि ते पाळलेले होते. लिस्बननंतर रूसो या विचारवंतानेही हेच लिहिलं होतं: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं एका ठिकाणी निसर्गाने नव्हती बांधली.

१९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर पाहणीला गेलेल्या एका तुकडीबरोबर मी टेप धरायला गेलो होतो. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायच्या जरा आधी, विसर्जनाहून येऊन माणसं झोपलेली. महत्ता ६.२. एवढा किंवा याहून मोठा भूकंप जगात दरवर्षी शंभराच्या आगेमागे वेळा होतो. तिथे साडेनऊ हजारांवर माणसं गेली. का? भिंत अडीच फूट जाड, दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये मातीत चिपांची भरती. वर माळवद, दरवर्षी मातीचा थर चढवून चढवून जड झालेलं. दोन्ही अंगांना एकत्र धरणारा आरपार दगड मी किती भिंतींत शोधला, मला दिसला नाही. धक्का बसला की आतली बाजू आत, बाहेरची बाहेर, आणि माळवद खाली. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता आणि खांब तुळयांना नीट धरून होते, तिथे भिंत पडूनही छप्पर वर राहिलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक आजोबा त्या ढिगाऱ्यावर बसले होते. मला म्हणाले, “पोरा, मोजतोस काय? आमचंच पाप मोठं.” मी एकोणीस वर्षांचा. टेप गुंडाळली आणि पुढे गेलो. तीस वर्षं झाली, मला वाटतं तेव्हा त्यांच्याजवळ खाली बसायला हवं होतं आणि दगड दाखवायला हवा होता.

जुना खडू:
हैती-चिलीची तुलना करताना एक सांगा की हैतीचा केंद्रबिंदू राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर आणि उथळ होता, चिलीचा समुद्रात होता. सगळं श्रेय नियमांना देऊ नका.

ओळंबा:
मान्य. सगळं नाही. बरंचसं.

तर्कटी:
ओळंबा, तुमचं गणित मला पटतं, तरी एक विचारतो आणि रागावू नका. त्या आजोबांना तुम्ही काय सांगणार होतात? की शापाने नाही, तुमच्याच हातांनी रचलेल्या भिंतीने तुमची नातवंडं मारली? हे जास्त दयाळू आहे? पाप गेलं आणि त्याच्या जागी आरपार दगड आला, एवढाच फरक. दोष तिथल्या तिथेच. आज कुठेही इमारत पडली की पहिल्या तासात कंत्राटदार, दुसऱ्या तासात अधिकारी. पूर्वी चेटकीण शोधायचे.

ओळंबा:
रागावणारच. तुम्ही शोध आणि शिकार यांत फरकच ठेवला नाही. पापाची गोष्ट तपासता येत नाही. कितीही पुण्य करा, पुढच्या भूकंपात ते लागू पडलं की नाही हे कोणी सांगू शकत नाही. आरपार दगडाची गोष्ट तपासता येते. दोन भिंती बांधा, एकीत घाला, एकीत नको, आणि हलवून बघा. बघितलंय लोकांनी. दगड पुढच्या घरात घालायचा असतो, मागच्या घरावर मारायचा नसतो.

आणि आजोबांनी गुन्हा केला असं मी म्हटलंच नाही. त्यांना शिकवलं गेलं तसं त्यांनी बांधलं. त्या भागात मोठा भूकंप होईल असं शास्त्रज्ञांनाही वाटलं नव्हतं. स्थिर भूखंड समजायचे तो. आदल्या वर्षी धक्के जाणवले होते, लोक घाबरले होते, पण त्यांना घर कसं घट्ट करायचं हे सांगायला कोणी गेलं नाही. ती चूक कोणाची, हे विचारायचं नाही? ‘निव्वळ योगायोग’ म्हणून हात झटकायचे? तुमच्या तत्त्वज्ञानाने सगळ्यात जास्त फायदा होतो तो वाळूत माती मिसळणाऱ्याचा.

सायंतारा:
मला तर्कटींच्या बाजूने बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे. भाऊ गेल्यावर एका नातलगाने आम्हाला तासभर समजावलं की अशा उतारावर घर बांधायचंच नसतं. सगळं खरं होतं. आई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. खरं बोलायचीही एक वेळ असते, ओळंबादादा.

ओळंबा:
वेळेचं मान्य, ताई. पण ती वेळ कधी येते ते सांगा. पहिल्या आठवड्यात बोललो तर निर्दय. सहा महिन्यांनी बोललो तर जुनं उकरतो. दोन वर्षांनी त्याच जागी तशीच भिंत उभी असते.

हिरवी पायवाट:
मग तुमच्या भिंतीला जी सूट ती माझ्या डोंगराला का नाही? कोयना घ्या. ११ डिसेंबर १९६७, महत्ता ६.३, सुमारे १८० बळी. धरणात पाणी साठवायला लागल्यावर तिथे धक्के वाढले आणि जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं ते जगातलं गाजलेलं उदाहरण ठरलं. हे माणसाने केलं ना? मग ‘निसर्गाने उत्तर दिलं’ म्हटलं तर काय बिघडलं?

ओळंबा:
जलाशयाने चालना दिली हे मान्य. प्रस्तर आधीपासून ताणलेला होता, पाण्याने निमित्त झालं. तेही तपासता येतं, पाण्याची पातळी आणि धक्के यांचा मेळ घालून लोकांनी पाहिलंय. पण ‘उत्तर दिलं’ म्हणताय, तर कोणाला दिलं? धरण कुठे बांधायचं हे ठरवणाऱ्यांना? त्या रात्री मेले ते घरात झोपलेले. ज्याने ठरवलं तो वेगळा, जो गेला तो वेगळा. हिशेब चुकता करणारा निसर्ग असा कसा, की एकाची थकबाकी शेजाऱ्याकडून वसूल करतो? आपल्या भाषेत फार पूर्वीपासून दोन शब्द आहेत, अस्मानी आणि सुलतानी. तुम्ही सुलतानी उचलून आभाळाच्या नावावर लिहिताय. मग खाली जबाबदार कोणी उरतच नाही.

हिरवी पायवाट:
हे बरोबर आहे. म्हणजे शेवटचं वाक्य. बाकीच्यावर मी नंतर बोलेन.

तर्कटी:
‘तत्त्वज्ञानाचा फायदा’ हे ओळंबांचं वाक्य लागलं. म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मी कधी लिहिली नाही.

मी सोळा वर्षांचा असताना आम्ही दोघं मित्र ओढ्यावर गेलो होतो. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पाऊस वर डोंगरात कुठेतरी पडला होता. पाण्याचा रंग आधी बदलला, गढूळ चहासारखा झाला, आणि मग लोंढा आला. मी काठावर चपला घालत होतो. तो पाण्यात होता. त्या दिवशी मी घरी खोटं सांगून गेलो होतो, शिकवणीला चाललोय म्हणून. पुढची अकरा वर्षं मी असं धरून चाललो की खोटं बोललो म्हणून तो गेला. कोणी मला तसं म्हणालं नाही. मीच ठरवलं. खोटं बोलायचं सोडलं, मग पोहायचं सोडलं, मग जवळच्या माणसांबरोबर कुठे जायचंच सोडलं. ते बॉम्बचे चौकोन मी कॉलेजात वाचले तेव्हा वाचनालयात बसून रडलो होतो. २२९ आणि २२७. पहिल्यांदा मला कोणीतरी सांगत होतं की यात तू कुठेच नाहीस.

तुम्हाला ते आकडे कोरडे वाटतात. मला त्यांनी सोडवलं. म्हणून मी ते सगळीकडे सांगत सुटतो. सायंतारा, तुमच्या भावाबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं.

सायंतारा:
वाचलं. तुमच्या आईला हे माहीत आहे का?

तर्कटी:
नाही.

जुना खडू:
मग आता गोष्टीबद्दलच बोलतो. गोष्ट टाकाऊ असते असं मला अजिबात वाटत नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, सुमात्राच्या किनाऱ्यापुढे सिम्युलुए नावाचं बेट आहे. लाट दहा मिनिटांच्या आत पोहोचली. लोकसंख्या सुमारे ७८ हजार, गेले फक्त सात जण. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, भोंगा नव्हता. १९०७ साली तिथे अशीच लाट आली होती, तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, तर ते ‘स्मॉन्ग’, डोंगराकडे पळा. पोरं पळाली.

त्या गोष्टीत कोण पापी होतं, समुद्र का रागावला, याला महत्त्व नाही. काय दिसलं की काय करायचं, एवढंच त्यांनी शंभर वर्षं जपलं. जपानात आनेयोशी नावाच्या वस्तीवर १९३३ च्या लाटेनंतर एक दगड उभारला, की याच्या खाली घर बांधू नका. २०११ ला पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. आणि त्याच २०११ च्या त्सुनामीनंतर टोकियोचे राज्यपाल इशिहारा म्हणाले होते की ही दैवी शिक्षा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली.

गाळरेषा:
मी मधे लिहिलं नाही, पण सगळं वाचत होते. माझा राग नेमका कशावर आहे ते मलाही आत्ता जरा कळतंय.

तुकोबांच्या घरात १६३० च्या दुष्काळाने बायको आणि मुलगा नेला. नंतर त्यांनीच म्हटलं की बरं झालं, या दुष्काळाने मला देवाकडे आणलं. तीच गोष्ट गावातल्या कोणी त्यांच्या दारात येऊन सांगितली असती, की तुका, बरं झालं हो तुझी बायको गेली, तर? शब्द तेच. एकदा ते अमृत, एकदा ती शिवी. सायंतारा सकाळी ज्यावर उठतात ते त्यांचं आहे, त्याला हात लावायचा मला अधिकार नाही. तर्कटींना २२९ ने सोडवलं, तेही त्यांचंच. पण ‘जे पेरलं तेच वाहून आलं’ हे जो कोरड्या घरात बसून लिहितो, तो माझ्या आईचं दुःख तिच्याकडून काढून घेऊन स्वतःच्या मुद्द्याला जुंपतो.

लर्नर आणि सिमन्स यांचा १९६६ चा एक प्रयोग मी वाचला होता. एका बाईला विजेचे झटके बसतायत असं लोकांना दाखवलं. खरे झटके नव्हते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तिचा त्रास पुढेही चालूच राहणार असं कळल्यावर त्यांनी काय करावं? त्यांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायी आहे हे वाचवायला त्यांनी ती बाई मोडीत काढली. माझ्या मते इथल्या हात जोडणाऱ्यांच्या रांगेचं उत्तर यात आहे. पूर आमच्या चुकीने आला असेल, तर चूक न करणाऱ्यांच्या घरी येणार नाही. त्यांना झोप लागायला आमची चूक हवी असते.

पायवाटदादा, तुमच्या भरावाबद्दल आणि ओढ्यांबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. पूररेषेत परवानगी कोणी दिली ते नाव घेऊन विचारा, मी पहिली सही करेन. सभेला सोळावी माणूस म्हणून येईन. फक्त तो हिशेब आमच्या नावावर फाडू नका.

हिरवी पायवाट:
‘हिशेब’ आणि ‘जे पेरलं ते’ ही दोन्ही वाक्यं पोस्टमधून काढली आहेत. बाकीची पोस्ट तशीच राहील, तिचा एक शब्द मागे घेणार नाही. आणि अंगणातल्या फरशीने पूर येत नाही, हे आईंना माझ्या नावाने सांगा.

गाळरेषा:
सांगितलं. तिने आधी विश्वास ठेवला नाही, मग म्हणाली त्यांना विचार, नक्की ना? मग ओळंबादादांची ती आजोबांची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर उठून भिंतीवरच्या रेघेला हात लावून बघितला, तिच्या खांद्याच्या जरा खाली लागते. म्हणाली, पुढच्या वेळी गच्चीवर जायला जिना बाहेरून काढता येईल का, आतला पाण्यात जातो. दादा, येईल का काढता?

ओळंबा:
भिंत बघितल्याशिवाय सांगणार नाही. विटांची आहे की दगडाची? आणि ज्या बाजूला जिना हवा त्या बाजूला खिडक्या किती आहेत? उजेड असताना चारही बाजूंचे फोटो काढून पाठवा, कोपरे जवळून.

गाळरेषा:
विटांची. त्या बाजूला दोन खिडक्या. फोटो उद्या सकाळी काढते.